दांडा सरळ होता, दादा

दादा, तेराव्याला आलेली माणसं दुपारपासून पांगायला लागली. आपल्या गावची, पिशोरची मंडळी जीप भरून गेली. तुझे कारखान्यातले जुने सोबती पायात चपला घालून फाटकाशी उभे राहिले, पण तुझ्या गोष्टी काही त्यांच्याच्यानं संपेनात. तेवढ्यात वहिनीनं मला आतल्या खोलीत बोलावलं आणि एक किल्ली हातावर ठेवली. कशाची, हे विचारायची गरज नव्हती. तुझ्या हर्सूलच्या घरात वहिनीचे दागिने पिठाच्या डब्याशेजारी पडलेले असायचे. कुलूप होतं ते एकाच कपाटाला.

"ठाण्यातनं फोन आल्ता," वहिनी म्हणाली. "परवाना त्यांच्या नावाचा, त्यो त्यांच्यासंगं संपला. आता बंदूक घरात ठिवता येत नाय म्हणं. बंदुकीच्या दुकानात जमा करा, मंग वारसाला पायजे आसंल तर अर्ज करा, नायतर मोडीत काढा."

तिनं पदरानं उगाच पलंगाची कड पुसली.

"वन्सं, पोरं तिकडं परदेशात, त्यायला तिचं काय. मला बी त्यातलं कळत नाय. पर ती मामंजींची आसंल तर तुमच्या नावावर करून घ्या, घराण्यात राहू द्या. नसंल तर जाऊ द्या. लोखंड सांभाळून काय करायचं? तुमी दोघं लई वर्सं भांडलात, तुमालाच ठावं आसंल."

आलं की नाही हसू? इतकी वर्षं दर रविवारी मी तुझ्यापुढं ओरडून सांगायची की ही आपल्या अप्पांची रायफल नव्हे, आणि तू ओरडून सांगायचास की हीच ती. आता निकाल द्यायची पाळी आली तर समोर तूच नाहीस. असला एकतर्फी निकाल कुणाला हवाय, दादा? सरळ सांगायचं तर त्या क्षणी मला तुझा भयंकर राग आला. मरायची एवढी घाई काय होती?

अप्पांच्या हातात ती रायफल आपण दोघांनीही पाहिली, पण वेगवेगळी. तू कन्नडला बोर्डिंगात, पुढं इथं औरंगाबादला आयटीआयला. तुझ्या वाट्याला फक्त सण आले. मी मात्र अप्पांच्या मागंमागं फिरत मोठी झाले. बावीस बोअरची, एका वेळी एकच गोळी सोडणारी, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे नळीमागचा लोखंडी दट्ट्या, मागं ओढून पुन्हा पुढं सारायचा. रानडुकराला तिच्या गोळीनं काय होणार, खरचटणार. अप्पा ती दसऱ्यालाच काढायचे. विहिरीच्या बांधावर एक मडकं ठेवायचं, आईनं रायफलीला हळदीकुंकू लावायचं आणि अप्पांनी एक गोळी मारायची. मडकं फुटलं तर पोरांना पेढे, नाही फुटलं तरी पेढे, कारण ते आधीच आणलेले असायचे.

आणि आपल्या घरची ती रीत. वर्षभर रायफल अप्पांच्या खोलीत खुंटीवर, पण तिचा बोल्ट आईकडं. लुगड्यांच्या पेटीत, तळाशी, खणात गुंडाळलेला. बोल्ट नसला की रायफल म्हणजे नुसती नळी आणि लाकूड. "रागाच्या भरात माणसाच्या हाताला सगळं एका जागी लागू नये," असं अप्पा म्हणायचे. राग त्यांना कधी येत नव्हता, यायचा तो आईला. मग बोल्ट तिच्याकडंच का, हे काही मला पटायचं नाही. दसऱ्याच्या सकाळी ती पेटी उघडायची, खण सोडायची आणि बोल्ट अप्पांच्या हातात द्यायची, आरतीचं ताट द्यावं तसा.

अप्पा गेले तेव्हा तू नुकता कारखान्यात चिकटला होतास. परवाना संपला, आणि वारसानं अर्ज केला तर रायफल राहू शकते हे आईला कुणी सांगितलंच नाही. धाकट्या काकांना घेऊन ती औरंगाबादला गेली आणि कुठल्याशा दुकानात जमा करून आली. तू सुट्टीवर आलास तर खुंटी रिकामी. जेवलास, बाहेर जाऊन विहिरीच्या कठड्यावर बसलास. मी बोलवायला आले तर म्हणालास, "सुमे, मला इचारायचं तरी." एवढंच. मला वाटलं, विसरशील.

विसरणाऱ्यातला तू नव्हतास. ते दुकान बंद पडलं, माल कुठं कुठं विकला गेला, तरी तू शोधत राहिलास. जालना, बीड, नगर, जिथं जिथं बंदुकीचं दुकान तिथं तिथं तू काचेला नाक लावून उभा. अप्पांच्या परवान्याचं पुस्तक आईनं रायफलीबरोबरच देऊन टाकलेलं, त्यामुळं नंबर कुणालाच माहीत नाही. हाताशी होता तो एक फोटो. पिशोरच्या बाजारात आलेल्या फोटोवाल्यानं काढलेला. अप्पा खुर्चीत, मांडीवर तू, कपाळाला हा एवढा काजळाचा ठिपका, आणि अप्पांच्या उजव्या हातात उभी धरलेली रायफल. आणि नेमकं तेवढंच बघ, अप्पांची मूठ बरोबर बोल्टवर. बोल्टचा दांडा कसा होता ते त्या मुठीत झाकलेलं.

मग एका दिवाळीच्या सुमारास शहागंजातल्या रशीदभाईंच्या दुकानात तुला ती दिसली. तुझ्याकडं परवाना होताच, तो तू त्यासाठीच तर काढून ठेवला होतास. तू मला फोन केलास तेव्हा तुझा आवाज ओळखू येईना. "सापडली गं," म्हणालास. मला वाटलं, आपली एखादी हरवलेली मावशीच सापडली.

मी सिडकोतून स्कूटर काढून आले. तू चादर अंथरून तिला मधोमध ठेवली होतीस आणि मला न् वहिनीला जेमतेम बसायला जागा. मी पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "दादा, दांडा सरळ होता."

इथून सुरू झालं आपलं.

बोल्ट ओढायचा जो दांडा असतो, तो तुझ्या रायफलीला खाली वाकलेला होता, लाकडाला लगटून. अप्पांच्या रायफलीचा सरळ बाहेर आलेला होता, दाराच्या कडीसारखा. मला कसं माहीत? कारण त्या दांड्यात अडकून माझा नवाकोरा परकर दसऱ्याच्या दिवशी टर्रकन फाटला होता, आणि आईनं मला सणासुदीचा धपाटा घातला होता. धपाटा खाल्लेलं माणूस विसरत नाही. वाकलेल्या दांड्यात परकर अडकेलच कसा?

तू शांतपणे मला शिकवायला बसलास. गणिताच्या बाईला शिकवायची संधी तुला जन्मात मिळाली नव्हती. ती बनवणाऱ्या युरोपातल्या कारखान्यानं सारख्या दिसणाऱ्या दोन रायफली काढल्या, एक नंबर आणि दोन नंबर. एक नंबर आधीची. तिचा दांडा सरळ, नेम धरायची मागची पट्टी उचलून उभी करायची. दोन नंबर नंतरची. तिचा दांडा वाकवलेला, कारण वर दुर्बीण बसवली तर सरळ दांडा तिला आपटतो. पट्टी पुढंमागं सरकणारी, नळी दोन बोटं लांब.

"मग झालं तर," मी म्हणाले. "ही दोन नंबर."

"इतकं सोपं आस्तं तर काय," तू म्हणालास. आणि मग तुझी खरी मजा सुरू झाली. लोक सरळ दांडा लोहाराकडून तापवून वाकवून घ्यायचे, दिसायला बरा म्हणून. एकीची पट्टी मोडली की दुसरीची बसवायचे. नळी तोंडाशी झिजली की दोन बोटं कापून काढायचे, मग लांबचीही आखूड व्हायची. लाकूड तडकलं तर पिशोरचा सुतारही शिसवीचं नवं करून द्यायचा. "वरून बघून न्हाई सांगता येत, सुमे. एकीच्या अंगावर दुसरीचे कपडे. अप्पांच्या मागं कुण्या बहाद्दरानं दांडा वाकवला आसंल."

"मग खात्रीचं काय आहे?"

"लाकडाच्या खाली. नळीच्या बुडाला कारखान्याचा ठसा आस्तो, बनवल्याचं साल. त्यो कुणी बदलत न्हाई, कारण त्यो कुणाला दिसतच न्हाई."

"काढ की मग लाकूड!"

"न्हाई. लाकूड उतरवलं की नेम बिघडतो." आणि तू तोंड मिटलंस ते कायमचं. नेम बिघडतो! वर्षाला एक मडकं फोडायचं, तेही तू दोनदा चुकवायचास.

शास्त्रार्थ बाजूला ठेवून तू रायफल आईकडं नेलीस. आई तेव्हा तुझ्याकडंच होती, डोळ्यांत धुकं साचलेलं. तिच्या मांडीवर तू ती आडवी ठेवलीस आणि मी दारात उभी राहून बघत होते. तिचा हात लाकडावरून फिरला, नळीवरून फिरला, आणि मग बोल्टकडं गेला. दादा, मी नीट पाहिलं. तिची बोटं आधी हवेत गेली, बाहेर, जिथं सरळ दांडा असायला हवा होता तिथं. तिथं काही लागलं नाही. मग ती बोटं चाचपडत खाली आली आणि वाकलेल्या दांड्याला टेकली. थोडा वेळ ती तशीच होती. तू तिच्या तोंडाकडं बघत होतास, श्वास रोखून.

"व्हय," आई म्हणाली. "हीच ती."

तू लहान पोरासारखा रडलास. मी मात्र बाहेर आल्या आल्या तुला कोपऱ्यात घेतलं. "बघितलंस ना हात कुठं गेला ते? तिचा हात सांगतोय, दांडा सरळ होता." तू डोळे पुसत म्हणालास, "तिला दिसत न्हाई गं नीट." मी म्हणाले, "म्हणून तर हात खरा." तू माझ्याकडं अशा नजरेनं बघितलंस की मी पुढचं वाक्य गिळलं. त्या दिवसापुरतंच. पुढच्या रविवारी पुन्हा काढलं.

त्याच रविवारी तू मला म्हणालास, "शाळेतनं दोन-चार खडू आण गं येताना." मी आणले. तुझ्या कारखान्यातल्या टूलरूममध्ये काही खुणा करायला हवे असतील असं वाटलं. तुझ्या कारखान्यात खडू मिळत नव्हते की काय, हे मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचतंय.

पुढची सगळी वर्षं आपण त्या रायफलीवर काढली म्हटलं तरी चालेल. जेवण झालं की चादर, चादरीवर रायफल. बोल्ट वहिनी आणून द्यायची, तिच्या साड्यांतून. अप्पांची ती रीत तू इथंही चालू ठेवलीस. वहिनी म्हणायची, "घ्या तुमचं प्रेत, करा पंचनामा." मग तू भिंग घेऊन फोटोतल्या लाकडावरचा एक पांढुरका डाग दाखवायचास आणि रायफलीवरचा तसलाच डाग. मी म्हणायची, "फोटोवर बुरशी आलीय ती." तू म्हणायचास, "बुरशी बरोबर लाकडी दस्त्यावरच कशी येती?" मी कागदावर दोन बोटांची नळी आणि अप्पांची उंची यांचं प्रमाण मांडून दाखवायची. तू एकदा वैतागून म्हणालास, "सिद्ध काय करायचं, सुमे? अप्पा काय भूमितीचं प्रमेय हायेत?" आणि आई पलीकडच्या खोलीतून म्हणाली, "मिटवा रं दोघं, च्या घ्या." ती आपल्या भांडणात कधी पडली नाही. तिचं मत तिनं एकदा दिलं होतं.

निवडणुकीच्या वेळची गंमत आठवते? आचारसंहिता लागली की सगळ्यांनी आपापली हत्यारं ठाण्यात जमा करायची. तुझ्या पाठीत चमक भरली होती म्हणून मी बरोबर आले. रांगेत बारा गावचे शेतकरी, कुणाच्या खांद्यावर दुनळी, कुणाच्या हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. वेरूळकडच्या एका आजोबांकडं तुझ्यासारखीच रायफल होती. दांडा सरळ. मी तुला कोपरानं ढोसलं, हे बघ एक नंबर! तू लांबूनच म्हणालास, "बाबा, तुमची दोन नंबर हाय. दांडा कुणीतरी मागून तापवून सरळ केलाय." आजोबा म्हणाले, "व्हय की! माह्या थोरल्यानं लोहाराकडनं सरळ करून आणलता. तुमी कसं वळिखलं?" तू म्हणालास, "दांड्याची मूठ बघा, दोन नंबरची मूठ चपटी आस्ती." मी थक्क झाले, दादा, अभिमानानं फुगले सुद्धा. पण परतताना सोडलं नाही. "लोकांची लांबून ओळखतोस. आपली मांडीवर घेऊन कळत नाही?"

तू रिक्षाच्या बाहेर बघत म्हणालास, "आपल्याला वळखायचं कुठं आस्तं?"

मी ते उडवून लावलं. मला वाटलं, पळवाट काढतोयस.

माझे गुडघे बदलले तेव्हा तू रोज दवाखान्यात यायचास. दुखणं असं की बोलवत नव्हतं. तू काय केलंस, खिशातून तो फोटो आणि भिंग काढलंस आणि म्हणालास, "सुमे, नीट बघ, अप्पांच्या मुठीखाली सावली हाय का? सावली खाली पडती, म्हंजे दांडा वाकलेला." मी उठून बसले. कळा विसरून तुझ्याशी अर्धा तास भांडले. नर्सबाई धावत आल्या. मला औषधांनी बरं केलं हे डॉक्टरांचं म्हणणं मी मान्य करते, पण पूर्ण नाही.

आई गेली. तिच्या मागं पहिल्या दसऱ्याला तू हळदीकुंकवाचं ताट माझ्यापुढं केलंस. मी बोट बुडवून म्हणाले, "अप्पांची नाही ही, तरी लावते." तू म्हणालास, "लाव ना. आईला कुठं ऐकू येतंय आता." आणि तुझा आवाज फाटला. मी नळीवर कुंकवाचं बोट टेकवलं.

आणि तो शेवटचा रविवार. तुला जरा धाप लागत होती, वहिनीनं मला डोळ्यांनी सांगितलं होतं, आज जास्त बोलायला लावू नका. चादर अंथरलेली होती. तू बोल्ट पुसत होतास. पुसता पुसता, मान वर न करता म्हणालास, "सुमे, काढू का आज लाकूड? एकदाचं बघून घे ठसा."

मी हसले. म्हणाले, "आता कशाला? मग मी दर रविवारी येऊन करू काय?"

तूही हसलास, जरा जास्तच वेळ. वहिनीला वाटलं ठसका लागला, ती पाणी घेऊन आली. मग आपण पेरू खाल्ले आणि मी घरी आले. त्याच आठवड्यात तू गेलास.

तर दादा, काल मी कपाट उघडलं. वहिनीनं चादर अंथरली, साड्यांतून बोल्ट काढून दिला आणि माझ्याजवळ बसली. तुझ्या हत्यारांच्या डब्यातला रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर घेतला. लाकूड धरणारे दोन स्क्रू. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांत गंजून बसले असतील, जोर लागेल. एका बोटाच्या जोरावर फिरले. खाचेच्या कडा पुष्कळदा उघडल्यामुळं चकचकीत झालेल्या.

लाकूड अलगद निघालं. खाली धूळ नाही, चिकट मळ नाही. लाकूड उतरवलं की नेम बिघडतो म्हणून ज्या माणसानं जन्मभर गळा काढला, त्याच्या रायफलीची नळी खालून ताज्या तेलानं ओली होती. मी ती उलटी केली. बुडाशी ठसा होता. झिजलेला, पण वाचायला त्रास पडू नये म्हणून त्या आकड्यांत कुणीतरी खडू घासला होता. तेलानं पिवळट पडलेला शाळेचा खडू. टूलरूममधली तुमची युक्ती ती. खडू माझा होता.

चष्मा पुसून मी साल वाचलं. पुन्हा वाचलं. मग फोटो काढून शेजारी ठेवला. फोटोत तू अप्पांच्या मांडीवर, काजळाचा ठिपका लावून, दात न आलेला. आणि ही रायफल कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तू पाटी घेऊन पिशोरच्या शाळेत जात होतास. ही तुझ्यापेक्षा लहान निघाली, दादा.

"काय निघालं, वन्सं?" वहिनीनं विचारलं.

मी जिंकले होते. आयुष्यात इतकं नेमकं, इतकं ठाम कधी जिंकले नव्हते, आणि मी तिथं चादरीवर बसून ढसाढसा रडत होते.

तू मला खोटं पाडायला लाकूड उतरवलंस, हो ना? खडू मागितलास तो त्यासाठीच. पुढच्या रविवारी माझ्या तोंडावर साल मारायचं होतं तुला. पण साल निघालं भलतंच. आणि तोवर आई "हीच ती" म्हणून बसली होती. मग तू काय करणार? पुन्हा स्क्रू आवळलेस आणि माझ्या शिव्या खात बसलास. "डोळे असून आंधळा" म्हणाले होते मी तुला, तेही ऐकून घेतलंस.

आणि आईचं काय सांगू? दिसत नव्हतं, हे तुझं म्हणणं खरं. पण जो बोल्ट तिनं उभं आयुष्य लुगड्यांत जपला, तो तिच्या हाताला कळला नसेल? बोटं हवेत गेली तेव्हाच तिला कळलं होतं, दादा. ती थोडा वेळ गप्प राहिली ती तुझा रोखलेला श्वास ऐकत. तुला न विचारता तिनं एकदा ती दुकानात देऊन टाकली होती. त्या रिकाम्या खुंटीचं तिच्या मनाला लागलेलं असणार. "व्हय" म्हणाली ती तुझ्यासाठी. तू गप्प राहिलास तो तिच्यासाठी. तिला वाटत राहिलं तू समाधानी आहेस, तुला वाटत राहिलं ती समाधानी आहे, आणि दोघंही खरंच समाधानी होतात! मधे मी एकटी फूटपट्टी घेऊन फिरत होते.

माझ्यासाठीही तू गप्प राहिलास का, आई गेल्यावर? शेवटच्या रविवारी सांगायला निघाला होतास, आणि मीच नको म्हणाले. ते बरं केलं की वाईट, मला ठरवता येत नाही. सांगितलं असतंस तर तुझ्या तोंडून ऐकलं असतं. पण तू हसलास ते हसू मग मिळालं नसतं.

मी लाकूड परत बसवलं. स्क्रू आवळले. खडू पुसला नाही.

आज सकाळी वहिनी आणि मी ठाण्यात सांगून शहागंजात गेलो. रायफल माझ्याकडं, बोल्ट वहिनीच्या पिशवीत, खणात. रशीदभाई काउंटरच्या मागून उठून बाहेर आले, वहिनीपुढं मान खाली घालून उभे राहिले. "भाभी, दादा गये तो दुकान सूना हो गया. दर महिन्याला यायचे, काय घ्यायचे नाय, नुस्तं बघायचे." मग त्यांनी रायफल हातात घेतली. पन्नास वर्षांचा सराव, दादा. उचलून उजेडात धरली, दांड्याच्या चपट्या मुठीवरून अंगठा फिरवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्यांनाही ठाऊक आहे. विकली त्या दिवसापासून ठाऊक होतं.

"ताई," ते हळूच म्हणाले, "विकायची हाय का वारसाकडं ठिवायची? ठिवायची आसंल तर अर्ज लई किचकट, पायऱ्या चढायच्या, पोलीस चौकशी. आन एक बात बोलू का... बुरा मत मानना. ही जी रायफल हाय ना..."

वहिनी माझ्याकडं बघत होती. तिच्या हातात बोल्ट होता, अजून काउंटरवर ठेवला नव्हता. तिला उत्तर हवं होतं, तेराव्यापासून हवं होतं.

"ठेवायची," मी म्हणाले. "आमच्या अप्पांची आहे ती."

रशीदभाईंनी माझ्याकडं पाहिलं. दर रविवारच्या भांडणाची खबर त्यांना तुझ्याकडून मिळत असणारच, मी काय म्हणते तेही. एक पांढरं लेबल घेतलं, त्यावर माझं नाव लिहिलं, आणि दोरा ओवता ओवता म्हणाले, "जी. अप्पांचीच हाय."

वहिनीनं खण सोडून बोल्ट काचेवर ठेवला. "माघारी येईल ना, वन्सं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "येईल, आणि आली की बोल्ट तुझ्याच साड्यांत." साठी उलटलेली, दोन्ही गुडघे बदललेली बाई आता बंदुकीच्या परवान्यासाठी कचेरीच्या पायऱ्या चढणार आहे. हस, हस.

दसऱ्याला मडकं मी ठेवीन. नेम चुकेल, तुझाही चुकायचा. आणि दांडा सरळ होता, दादा. ते मी मरेपर्यंत म्हणणार. पण रायफल हीच.